ओकसाहेबांची यादी

मस्टरवर नाव आलं: ओक, बी. डी.
म्हटलं, चला, पुण्याकडचं कुणीतरी आलं,
आता गोदीत मराठीत शिव्या देता येतील.
दुसऱ्या दिवशी शिडीवरून उतरले ते
ठेंगणे, जाड भुवयांचे, कोरियातल्या कोजे बेटावरचे
ओक ब्योंग-दू, वेल्डिंग फोरमन.

मी बार्शीचा धुमाळ. मला ते 'तूमल' म्हणायचे.
बहारीनमध्ये, हिद्दच्या ड्रायडॉकला सव्वादोन वर्षं
मी त्यांना वेल्डिंगच्या कांड्या मोजून दिल्या.
सही करताना त्यांनी एकदाही आकडा तपासला नाही.
स्टोअरकीपरला याहून मोठं बक्षीस नसतं.

जायच्या आदल्या रात्री कांड्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर
मार्करनं यादी करून दिली:
कोजेला आलास तर काय काय करायचं.
आलास तर! माझं अजून कोल्हापूर राहिलंय.

एक. जांगसंगपोच्या धक्क्यावरून सकाळची बोट,
जिसिमदोला उतर. कमेलियाची झाडं आहेत.
झाडावरची फुलं बघू नकोस, ती सगळेच बघतात.
खाली पडलेली मोज.
ते फूल पाकळी पाकळी गळत नाही,
अख्खंच्या अख्खं पडतं,
शिफ्ट संपल्यावर हेल्मेट काढून ठेवावं तसं.

दोन. थंडीतच ये. कॉड माशाचा पांढरा रस्सा पी.
तुझी ती शेंगाची चटणी खिशातच राहू दे.

तीन. संध्याकाळी यार्डाच्या फाटकाशी जा.
भोंगा झाला की दुचाक्यांचा लोंढा बाहेर पडेल.
करायचं काही नाही. बाजूला उभं राहायचं.

चार खोडलेलं होतं. खोडून खाली पुन्हा लिहिलेलं.
धक्क्यामागं सुक्या मासळीची दुकानं. तिसऱ्यात एक बाई बसते.
माझं नाव घ्यायचं नाही.
अर्धा किलो मांदेली घे
आणि विचार, गुडघे कसे आहेत.

कोण, मी विचारलं.
ते मार्करला टोपण लावत बसले.
टोपण केव्हाच लागलं होतं.

त्यांचं विमान गेलं त्याला चार वर्षं झाली.
व्हिसा, तिकीट, राहणं, सगळं मांडून पाहिलं एकदा:
धाकटीच्या कॉलेजचं बरोबर एक वर्ष होतं.
पुठ्ठा लॉकरमध्ये, पासपोर्टच्या झेरॉक्सखाली.

मागच्या शुक्रवारी काय झालं कोण जाणे,
कॅम्पात एसीच्या गळत्या पाण्यावर वाढलेली बोगनवेल आहे,
तिच्याखाली बसलो आणि पडलेली मोजायला लागलो.
दोनशे सोळापर्यंत आलो तर वारं सुटलं.
सिल्हेटचा मोफज्जल म्हणाला, दादा, काय हरवलं?
काही नाही, म्हटलं, स्टॉक घेतोय.

मग बस पकडून मुहर्रकच्या मासळीबाजारात.
तिसरं दुकान, मुद्दाम मोजून.
बाई नव्हती. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा,
खोक्यावर पाय लांब करून बसलेला.
माझी अरबी गोदामातली: किती, कधी, संपलं.
गुडघ्याला काय म्हणतात, आलं नाही कधी कामाला.
म्हणून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मग त्याच्याकडं बोट केलं,
आणि भुवया उडवल्या.

त्याला वाटलं, दुखतायत ते माझे.
चुकचुकला. गल्ल्यामागून तेलाची बाटली काढली,
अर्धी वापरलेली, बुचावर खवला चिकटलेला,
आणि मासळीच्या पिशवीतच टाकली.
पैसे पुढं केले तर हात झटकला, जसं माशी हाकलावी.

रात्री लावून पाहिलं. गुडघे माझे ठणठणीत आहेत,
तरी बराच वेळ ऊब राहिली.
मोफज्जल म्हणाला, खोलीत मेलं काय?

ओकसाहेब, चारपुढं खूण केली आहे.
पेन्सिलनं.
स्टॉक जुळला नाही तर खोडता येईल अशी.